फीड लावला, पण काहीच येऊन नाही राह्यलं

यवतमाळ जिल्ह्यातल्या आमच्या अभ्यासिकेत ही तक्रार संपत नाही. पोलीस भरतीची तयारी करणारी पोरं असोत, शेजारच्या कृषी केंद्राचे दादा असोत, शब्द तेच: ‘भाऊ, फीड लावला, पण काहीच येऊन नाही राह्यलं.’ दुखणं मात्र दर वेळी वेगळं निघतं. कुणी चुकीचा पत्ता टाकलेला असतो, कुणाच्या फोननं अॅपला झोपवून ठेवलेलं असतं, तर कुणी ज्या संकेतस्थळाची वाट पाहतोय तिथं कित्येक महिन्यांत कुणी नवीन ओळ लिहिलेली नसते. अॅप काढून परत टाकणं हा आपल्याकडचा लाडका उपाय. त्यानं लावलेली यादी तेवढी जाते, दोष जागेवरच राहतो.

ज्यांनी अजून फीड लावलेलाच नाही, त्यांच्यासाठी थोडक्यात. अनेक संकेतस्थळं आपल्या ताज्या नोंदींची एक साधी फाइल ठेवतात. प्रत्येक नोंदीचं शीर्षक, दुवा, तारीख आणि एक ओळखखूण एवढंच तिच्यात असतं, कधी पूर्ण मजकूरही असतो. हीच फाइल म्हणजे फीड. तिचे दोन प्रकार जास्त चालतात. आरएसएस हा १९९९ साली नेटस्केप कंपनीतून आला, त्याची आज सर्रास दिसणारी २.० ही आवृत्ती २००२ ची. दुसरा अॅटम, त्याचं प्रमाणित रूप २००५ चं. दोन्हींतला फरक तुम्हाला कळायची गरज नाही, रीडर दोन्ही वाचतो.

रीडर म्हणजे फीड वाचणारं अॅप. अँड्रॉइडवर ‘फीडर’ नावाचं मोफत, मुक्तस्रोत अॅप आहे, त्याला खातंही उघडावं लागत नाही. आयफोनवर ‘नेटन्यूजवायर’, संगणकावर ‘थंडरबर्ड’. ‘फीडली’ आणि ‘इनोरीडर’ या ऑनलाइन सेवा आहेत: तिथं खातं उघडायचं आणि फीड गोळा करायचं काम त्यांच्या सर्व्हरवर होतं. फोनवरचं अॅप आणि ऑनलाइन सेवा यांतला हा फरक लक्षात ठेवा, पुढं दोनदा कामी येणार आहे.

आणखी एक गोष्ट पक्की समजून घ्या, कारण निम्मे घोळ ती न कळल्यामुळं होतात. संकेतस्थळ तुम्हाला काहीच पाठवत नाही. व्हॉट्सअॅपवर समोरचा पाठवतो आणि आपल्याला मिळतं, इथं तसं नाही. फीड म्हणजे ग्रामपंचायतीचा फळा. त्यावर ठरावीक चिठ्ठ्या मावतात, नवी लागली की सगळ्यात जुनी निघते. रीडर अधूनमधून त्या फळ्यापाशी जातो, नवीन काय लागलं ते बघतो आणि उतरवून आणतो. तो गेलाच नाही, वाट चुकला, किंवा जाईपर्यंत चिठ्ठी निघून गेली, तर तुमच्या फोनवर काही येणार नाही.

आधी एक साक्षीदार लावा

दोष फोनचा की संकेतस्थळाचा, हे सगळ्यात आधी वेगळं काढायचं. त्यासाठी रोज हमखास बदलणारा एक फीड रीडरमध्ये कायम ठेवा. मी बीबीसी मराठीचा ठेवायला सांगतो, तिथं रोज काही ना काही नवं असतंच. बातम्या वाचा किंवा नका वाचू, त्याचं काम साक्ष देण्याचं.

आता तक्रार आली की या साक्षीदाराकडं बघा. त्यात आजच्या बातम्या आहेत आणि भरतीचा फीड तेवढा गप्प आहे? मग फोन निर्दोष, दोष पत्त्यात किंवा त्या संकेतस्थळात. साक्षीदारही तीन दिवसांपूर्वी थांबलाय? मग भरतीच्या संकेतस्थळाला नावं ठेवू नका, दोष तुमच्या खिशात आहे.

दुसरी हालचाल: यादी बोटानं खाली ओढून सोडा, म्हणजे रीडर तिथल्या तिथं फेरी मारून येतो. ओढल्यावर धडाधड नोंदी आल्या, पण एरवी आपोआप येत नाहीत, तर पत्ता बरोबर आहे, नेट चालू आहे, फक्त अॅपला मागच्या मागं काम करू दिलं जात नाही. हे एवढं केलं तरी निम्म्याहून जास्त तक्रारींचा उलगडा जागेवर होतो.

फोनचं दुखणं

खेड्यात सगळ्यात जास्त सापडणारं कारण एकच: ‘फक्त वायफायवर सिंक करा’ ही खूण चालू असणं. बऱ्याच रीडरमध्ये हा पर्याय असतो. शहरात घरोघरी वायफाय असल्यानं तिथं तो खपून जातो. आपल्याकडं सगळा गाव रिचार्जच्या नेटवर. मग अॅप इमानदारीत वायफायची वाट बघत बसतं आणि वायफाय त्याच्या जन्मात येत नाही. हा पर्याय बंद करा. शेजारीच कधी कधी ‘फक्त चार्जिंगवर असताना’ असाही पर्याय दिसतो, तोही बंद.

यावर कुणी म्हणतं, मी मित्राचा हॉटस्पॉट घेतो की, तो वायफायच ना? भागेलच असं नाही. एका अँड्रॉइडनं दुसऱ्या अँड्रॉइडला हॉटस्पॉट दिला की घेणाऱ्या फोनला बहुधा कळतं की हे मोजून मिळणारं नेट आहे. रीडर ‘मोजदाद नसलेलं नेट हवं’ म्हणून अडून बसलेला असेल, तर हॉटस्पॉटवरही हलत नाही. पोरं इथं फार गोंधळतात, कारण वरती वायफायची खूण तर झकास दिसत असते.

डेटा संपेल ही भीती सोडा. फीड म्हणजे नुसता मजकूर, फाइल सहसा छोटीशीच. शिवाय नीट बांधलेला रीडर सर्व्हरला आधी विचारतो, ‘मागच्या खेपेपासून काही बदललं का?’ बदललं नसेल तर सर्व्हर ३०४ हा संकेत देतो आणि फाइल पाठवतच नाही. रोजच्या दीड जीबीला फीडनं धक्का लागत नाही. फोटो मात्र डेटा खातात. रीडरमध्ये चित्रं आपोआप उतरवणं बंद करता येत असेल तर करा, मग विषय संपला.

दुसरं कारण बॅटरी. अँड्रॉइड ६ पासून, म्हणजे २०१५ पासून, फोन हात न लावता पडून राहिला की अॅपची मागची कामं रोखली जातात आणि मधूनमधून थोडा वेळ एकत्र करू दिली जातात. त्यावर काही कंपन्या आपली जास्तीची बचत चढवतात, आणि आठवड्यात एकदाही न उघडलेलं अॅप त्यांच्या लेखी मेलेलं असतं. सेटिंगमध्ये अॅपच्या यादीत जाऊन रीडर निवडा, बॅटरीच्या भागात त्याला ‘अनरिस्ट्रिक्टेड’ करा. ‘ऑटोस्टार्ट’ नावाचा खटका दिसला तर तोही चालू. डेटा सेव्हर वापरत असाल तर त्यातून रीडरला सूट द्या.

आणि लाइन. लाइन गेली की आपण सगळ्यात आधी बॅटरी सेव्हर लावतो. तो लावल्यावर मागची कामं थांबणारच, तो त्यासाठीच आहे. लाइन बराच वेळ आली नाही तर टॉवरची बॅटरीही उतरते आणि रेंज जाते. अशा दिवशी रीडर गप्प असेल तर तो बिघाड नव्हे. लाइन आल्यावर बॅटरी सेव्हर काढला की नाही, तेवढं बघा, लोक तो काढायचाच विसरतात.

‘मी पाच मिनिटांचं सेट केलं तरी उशिरा येते’ अशीही एक तक्रार आहे. ठरावीक अंतरानं करायचं मागचं काम अँड्रॉइड कुठल्याही अॅपला १५ मिनिटांच्या आत परत करू देत नाही, आणि ते १५ सुद्धा पक्के नसतात. जाहिरातीसाठी, प्रवेशपत्रासाठी, बाजारभावासाठी तासाभराचं अंतर भरपूर झालं. ज्या गोष्टीत मिनिटं मोलाची, ती फीडवर सोपवायचीच नाही. पावसाळ्यात शेतात असताना विजेचा इशारा हवा असेल तर पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेनं तयार केलेलं ‘दामिनी’ अॅप आहे, ते वापरा.

साक्षीदार ताजा, बाकी गप्प

आता फोन सुटला, पत्त्याकडं या. फीडचा पत्ता आणि संकेतस्थळाचा पत्ता एक नसतो. बहुतेक रीडर हुशार असतात: मुख्य पानाचा पत्ता दिला की पानाच्या पोटात लिहिलेला फीडचा पत्ता ते स्वतः शोधतात. पण पानात तो लिहिलेलाच नसेल तर रीडर हात वर करतो. तेव्हा अंदाजानं टाकून बघायचं. वर्डप्रेसवर (हे संकेतस्थळ बांधायचं एक साधन) चालणाऱ्या संकेतस्थळाच्या पत्त्याला तिरपी रेघ देऊन एफ-ई-ई-डी ही चार अक्षरं जोडा, बहुधा फीड उघडतो. नुसती एखादी वर्गवारी हवी असेल तर त्या वर्गवारीच्या पानाच्या पत्त्याला तेच शेपूट लावा. म्हणजे भरतीच्या संकेतस्थळावरची फक्त पोलीस भरती तुमच्याकडं येईल, बाकीचा पसारा नाही. यूट्यूब चॅनेलच्या पानातही फीडचा पत्ता लपलेला असतो. चॅनेलचा पत्ता रीडरमध्ये टाकला की तो बहुतेकदा सापडतो, घंटी दाबायची गरज राहत नाही.

इथं एक फसवी जागा आहे. वर्डप्रेसच्या संकेतस्थळावर रीडरला अनेकदा दोन फीड सापडतात, एक लेखांचा आणि एक वाचकांच्या प्रतिक्रियांचा. दोन्हींची नावं सारखीच दिसतात, आणि घाईत दुसऱ्यावर बोट पडतं. प्रतिक्रिया कुणी लिहित नाही, मग फीड महिनोन्‌महिने कोरडा. ‘सगळं बरोबर हाय, पण एकही बातमी नाही’ असं कुणी म्हटलं की मी आधी नावात ‘कॉमेंट्स’ दिसतं का ते बघतो.

पत्ता बरोबर वाटत असेल तर तो कॉपी करून ब्राउझरमध्ये उघडा. समोर कोनातल्या कंसांचं जंगल दिसेल. घाबरू नका, ती फाइल माणसानं वाचायची नाहीच. फायरफॉक्स पूर्वी फीड नीट मांडून दाखवायचा, डिसेंबर २०१८ मध्ये ६४ व्या आवृत्तीत ती सोय काढून टाकली गेली. काही फोन फाइल दाखवण्याऐवजी सरळ डाउनलोड करतात. कसंही असो, वरची पहिली नोंद शोधा आणि तिची तारीख बघा.

तारीख ताजी असेल तर फीड ठणठणीत आहे. रीडरमधून तो काढून, हाच पत्ता जसाच्या तसा टाकून परत लावा.

तारीख जुनी असेल तर संकेतस्थळाचं मुख्य पान उघडून ताडून बघा. तिथंही नवं काही नसेल तर कुणाचाच दोष नाही. तिथं नवं आहे आणि फीडमध्ये नाही, तर ती वेगळी भानगड, खाली सांगतो.

‘सापडलं नाही’ किंवा ४०४ आलं तर पत्ता बदललाय. संकेतस्थळ नव्यानं बांधलं की जुना फीड असा बेवारस होतो, आणि रीडर बिचारा जुन्या दारावर टकटक करत राहतो. मुख्य पानावरून नवा पत्ता शोधा.

४०३ आलं, किंवा ‘तुम्ही माणूस आहात हे सिद्ध करा’ असं पान आलं, तर दारावर पहारेकरी बसलाय. तुम्ही चौकटीत खूण करून आत जाल, रीडरला ते जमत नाही. अशा वेळी दुसरा रीडर वापरून बघा, एकाला अडवतात आणि दुसऱ्याला सोडतात असं होतं. नाहीच जमलं तर संकेतस्थळ चालवणाऱ्याला कळवणं एवढंच हातात आहे.

‘अमुक ओळीवर चूक’ असा लाल मजकूर आला तर फाइलच मोडलेली आहे. फीडचं व्याकरण फार कडक असतं. फाइलच्या सुरुवातीला एक रिकामी ओळ शिरली, किंवा मजकुरात इंग्रजी ‘अँड’चं वेटोळं चिन्ह तसंच उघडं राहिलं, तरी कडक रीडर अख्खी फाइल नाकारतो. हे तुमच्याकडून दुरुस्त होत नाही. डब्ल्यू-थ्री-सी या वेबचे नियम ठरवणाऱ्या संस्थेची फीड तपासायची मोफत सेवा आहे, तिथं पत्ता टाकला की चूक कोणत्या ओळीत आहे ते कळतं. ओळीचा आकडा धरून कळवलं तर संकेतस्थळवाल्याला शोधाशोध करावी लागत नाही. आमच्या भागातल्या एका छोट्या वृत्त-संकेतस्थळाचा फीड असाच मोडला होता. ओळ क्रमांकासकट कळवल्यावर तो लवकर जागेवर आला.

सरकारी सूचना: पानावर आहे, फीडमध्ये नाही

आता ती भानगड. फीड आपोआप तयार होतो तो संकेतस्थळाच्या ‘बातम्या’ किंवा ‘लेख’ या भागातून. पण बरीच कार्यालयं जाहिरात, शुद्धिपत्रक, निवड यादी यांची पीडीएफ वेगळ्याच पानावर नुसती अडकवतात. फीडला त्या पीडीएफचा पत्ताच नसतो. म्हणून मुख्य पानावर ‘नवीन’ असं लुकलुकत असतं आणि फीड थंड. रिझर्व्ह बँक, पत्र सूचना कार्यालय अशा ठिकाणी रीतसर फीड आहेत, पण तालुका-जिल्ह्याच्या पातळीवर ती अपेक्षा धरू नका.

अशा पानासाठी फीड नव्हे, पान बदललं की सांगणारी सेवा लागते. ‘डिस्टिल’ हे त्यातलं एक नाव. पानाचा नेमका तो चौकोन निवडायचा, त्यात फरक पडला की ती कळवते. अख्खं पान निवडू नका, नाहीतर भेट देणाऱ्यांचा आकडा एकनं वाढला तरी सूचना येत बसेल. दुसरा मार्ग गूगल अलर्ट्सचा. हवा तो शब्द टाकायचा आणि ईमेलऐवजी फीड निवडायचा. गूगलला जे सापडेल तेच त्यात येतं, म्हणून मी त्याला आधार म्हणत नाही, जोड म्हणतो.

काही सरकारी संकेतस्थळं देशाबाहेरून उघडतच नाहीत, तसा अडसर मुद्दाम घातलेला असतो. ऑनलाइन सेवांचे सर्व्हर बहुधा बाहेर. मग तुमच्या ब्राउझरमध्ये फीड सुरेख उघडतो आणि तीच सेवा ‘पोहोचता येत नाही’ म्हणते. यात कोडं काही नाही. असा फीड फोनवरच्या अॅपमध्ये लावा. तुमचा फोन भारतातूनच विचारतो, म्हणून त्याला दार उघडं असतं.

मधल्याच नोंदी गायब

हा प्रकार जरा खोल आहे, आणि लोकांना तो उशिरा कळतो. फीड चालू आहे, आजच्या नोंदी आहेत, मागच्या महिन्याच्याही आहेत, मधले आठ दिवस मात्र कोरे. कारण तोच फळा. वर्डप्रेस मुळात फीडमध्ये शेवटच्या १० नोंदी ठेवतं, यूट्यूब शेवटचे १५ व्हिडिओ. वर्तमानपत्राच्या फीडमध्ये जास्त असतात, पण तिथं नव्या इतक्या वेगानं येतात की सकाळची बातमी रात्रीपर्यंत टिकेल याचा भरवसा नाही. तुम्ही मेळघाटात नातेवाइकांकडं गेलात, रेंज नव्हती, किंवा रिचार्ज संपला आणि कापूस विकेपर्यंत टाकलाच नाही, तर त्या काळातल्या चिठ्ठ्या लागून निघूनही गेल्या. फोनवरचा रीडर परत गेल्यावर त्याला फक्त शेवटच्या दहा दिसतात. गेलेल्या तो आणू शकत नाही, कितीही ओढा.

इथं ऑनलाइन सेवा सरस ठरते. तुमचा फोन बंद असला तरी तिचा सर्व्हर फेऱ्या मारतो आणि साठवून ठेवतो. तिचीही एक खोट आहे: फार थोड्या लोकांनी लावलेला फीड काही मोफत सेवा सावकाश तपासतात. आपल्या तालुक्याच्या एखाद्या संस्थेचा फीड जगात चार जणांनी लावलेला असणार, त्याला तिथं विचारतं कोण?

म्हणून मी दोन्ही ठेवायला सांगतो. भराभर बदलणारे फीड, म्हणजे वर्तमानपत्रं आणि रोज ढीगभर जाहिराती टाकणारी भरतीची संकेतस्थळं, ऑनलाइन सेवेत. हळू बदलणारे, स्थानिक आणि सरकारी फोनवरच्या अॅपमध्ये. एकाच अॅपमध्ये सगळं हवं असा हट्ट धरला तर यांतली एक बाजू लंगडी राहणार. फीडची संख्याही आवरा. पहिल्याच दिवशी पन्नास फीड लावणारा पोरगा आठवड्यात ‘न वाचलेले’चा आकडा बघून अॅप उघडणंच बंद करतो, आणि मग वर सांगितल्याप्रमाणं फोन त्या अॅपला झोपवतो.

किरकोळ

जुन्याच नोंदी एकदम ‘नव्या’ म्हणून आल्या तर संकेतस्थळानं पत्ता किंवा नोंदींच्या ओळखखुणा बदलल्या आहेत. रीडर खुणेवरूनच ओळखतो. ‘सगळं वाचलं’ करून पुढं जा, एकदाच होतं.

नवी नोंद यादीत खाली कुठंतरी सापडते? तिच्यावर तारीख चुकीची पडली आहे. अशा फीडपुरती यादी आल्याच्या क्रमानं लावता येते का बघा.

मराठीऐवजी इंग्रजी अक्षरांचा कचरा दिसला तर मजकूर कृतिदेवसारख्या जुन्या फाँटात टाइप केलेला आहे. संकेतस्थळ आपल्या पानावर तो फाँट लावून वाचण्याजोगं करतं, रीडरमध्ये तो फाँट नसतो. आता हे क्वचित दिसतं.

दोनच ओळी येतात आणि पुढं ‘अधिक वाचा’, हा बिघाड नाही. संकेतस्थळानं तेवढंच द्यायचं ठरवलंय. काही रीडर मूळ पानावरून पूर्ण मजकूर ओढून आणतात, तशी सोय असली तर त्या फीडपुरती चालू करा.

यादी जपून ठेवा

गूगलचा स्वतःचा रीडर होता, लाखो लोक त्यावर विसंबून होते. १ जुलै २०१३ ला तो बंद झाला. तेव्हा ज्यांनी आपली यादी आधीच उतरवून घेतली होती, ते दुसऱ्या सेवेत लगेच रुळले. रीडरच्या सेटिंगमध्ये ‘एक्स्पोर्ट’ असतं, त्यातून ओपीएमएल नावाची छोटी फाइल मिळते. तुमच्या सगळ्या फीडचे पत्ते तिच्यात असतात, आणि जवळजवळ प्रत्येक रीडर ती घेतो. ती स्वतःलाच ईमेल करून ठेवा. अॅप काढून परत टाकायची खुमखुमी आलीच, तर निदान ही फाइल आधी काढा. फोन बदलताना, किंवा अभ्यासिकेतल्या मित्राला आपली भरतीची यादी देतानाही हीच फाइल चालते.

एवढं करूनही अडलं, तर विचारायला येताना चार गोष्टी घेऊन या: फीडचा पूर्ण पत्ता, ब्राउझरमध्ये उघडल्यावर दिसलेली पहिल्या नोंदीची तारीख किंवा चूक सांगणारा आकडा (४०४, ४०३ असा), साक्षीदार फीड ताजा आहे की शिळा, आणि बोटानं ओढल्यावर काय होतं. नुसता ‘येऊन नाही राह्यलं’चा स्क्रीनशॉट पाठवला तर यातलं एकही त्यातून कळत नाही.